पूर्वेस कपाट, पश्चिमेस खिडकी

दर रविवारी सकाळी सात वाजता कॅनडाहून गोपालचा फोन येई आणि सात वाजून सहा मिनिटांनी तो संपे. त्यातली पाच मिनिटे त्याच्या आईची, मनकर्णाबाईंची. उरलेल्या मिनिटात नत्थुजी आपल्या एकुलत्या एका मुलाशी बोलत. ते बोलणे असे असे:

"बाबा, तब्येत?"

"बरी."

"पाऊस?"

"आहे."

"बरं, ठेवू?"

"ठेव."

उन्हाळ्यात 'आहे'च्या जागी 'नाही' येई. तीन वर्षांत या संभाषणात झालेला फरक म्हणजे एवढाच. मार्च महिन्यातसुद्धा गोपाल पाऊस विचारी, आणि नत्थुजी आभाळाकडे एकदा पाहून घेऊन प्रामाणिकपणे 'नाही' म्हणत.

नत्थुजींनी अमरावतीच्या एका सार्वजनिक वाचनालयात चौतीस वर्षे नोकरी केली होती, आणि ती सगळी 'शांतता राखा' या पाटीखाली बसून. त्यांनी ती राखली. इतकी, की निवृत्त झाल्यावरही ते भाजीवालीशी कुजबुजत बोलत आणि भाजीवाली त्यांना बहिरे समजून ओरडून उत्तर देई. हजारो पुस्तके वाचलेला हा माणूस. पण त्यातले एकही वाक्य त्यांना वेळेवर आठवत नसे. आठवे ते घरी परतल्यावर, चपला काढताना.

नत्थुजींना गोपालला एक गोष्ट सांगायची होती. ती तीन वर्षे राहून गेली होती. गोपाल अकोल्याहून कृषीची पदवी घेऊन आला, तेव्हा चांदूर रेल्वेजवळचे सात एकर वावर आपण स्वतः करायचे असे तो म्हणाला होता. "बाबा, एक वर्ष तं करून पायतो." आणि त्या वर्षी नत्थुजींकडे वाचनालयात काम काय होते, तर वर्तमानपत्रांतली शेतीची कात्रणे कापून फाइलीत चिकटवण्याचे. पूर्वी त्या फाइलीत सोयाबीनच्या नव्या वाणाची बातमी असे. त्या वर्षी रोज गावाचे नाव आणि जीव दिलेल्या माणसाचे नाव, आणि वय. दिवाळीपर्यंत तिसरी फाइल लागली आणि तिचीही नाडी पुरेना. एका संध्याकाळी नत्थुजी हाताला डिंक तसाच ठेवून घरी आले आणि कॅनडाचे फॉर्म घेऊन बसले. सगळे फॉर्म त्यांनी आपल्या हाताने भरले. गोपालने सही केली. त्याने वाद घातला असता तर बरे झाले असते. त्याने फक्त 'कुठं करू?' एवढेच विचारले. लोकांना नत्थुजी सांगत, पोराला संधी आली. आता तो तिकडे एका काचघरात टमाटे पिकवतो आणि इकडे वावर गावातला रामराव बटईने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, करतो.

तर हे सांगायचे कसे? नत्थुजींनी पुष्कळ विचार करून दोष फोनच्या दरावर ठेवला. मिनिटामिनिटाला पैसे पडत असताना माणूस मनातले बोलणार कसा? मनातले बोलायला आधी थोडे इकडचे तिकडचे बोलावे लागते, आणि तेच परवडत नाही. फोन स्वस्त झाला, की आपण बोलू. या निष्कर्षाने त्यांना फार हलके वाटले, कारण त्यात त्यांचा स्वतःचा काही दोष निघत नव्हता.

इंटरनेटवरून फोन करता येतो आणि तो जवळजवळ फुकट पडतो, असे त्या सुमारास सगळेच म्हणत होते. कोणाचा घ्यायचा, हा प्रश्न होता. नत्थुजींनी तो ग्रंथपालाच्या रीतीने हाती घेतला. निवृत्तीच्या वेळी वाचनालयाने मोडीत काढलेली कोरी तालिकापत्रे त्यांनी हौसेने विकत आणली होती. पुस्तकांची नावे लिहून खणात ठेवतात ती. प्रत्येक कंपनीचे एक पत्र झाले. वर नाव, खाली दर, त्याखाली लागणारे सामान, सर्वांत खाली शेरा. महिनाभरात त्रेचाळीस पत्रे जमली. ती त्यांनी आधी अकारविल्हे लावली, मग दरानुसार, मग पुन्हा अकारविल्हे. सगळ्यांवर शेरा एकच होता: 'विचार करावा.'

"अहो," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुमी फोन घेऊन राहिले का वाचनालय काढून राहिले?"

समोरच्या इंदूबाईंना कुणकुण लागली आणि त्या वाटीभर साखर मागायला आल्या. त्यांचा भाचा मस्कतला होता. "मी सांगते काका, कार्ड घ्यायचं असते. घासायचं, नंबर दिसते, थो लावायचा. माह्या भाच्यानं कार्ड धाडलं, म्या लावला तं नागपूरच्या एका दवाखान्यात लागला."

"मग?" नत्थुजींनी लिहून घेण्यासाठी पेन उघडले होते.

"मंग काय? तठली बाई लय चांगली होती. तिनं माह्या गुडघ्याचं सगळं इचारलं. आता आमी दर शनवारी बोलतो."

हे कोणत्या खणात ठेवावे ते नत्थुजींना कळेना.

शेवटी निकाल लावला तो शफीभाईंनी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. पत्रांचा गठ्ठा त्यांनी हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि परत दिला. "नत्थुजी, कम्प्युटरवाला घेऊ नका. बिघडला का तुमी मले बोलवाल, मी ना म्हणनार नाई, न मंग आपली दोस्ती खराब होईल. डब्बावाला घ्या. छोटासा डब्बा येते, त्याले साधा फोन जोडायचा. तिकडं बेट्याले भी तोच डब्बा घ्याले सांगा. डब्बा ते डब्बा, फुकट. फक्त घरी ब्रॉडबँड पायजे."

"ते कुठे मिळते?"

"तुमचा फोन हाय ना? त्याच्यावरच येते. अर्ज द्या. आठ दिवसाचं काम."

नत्थुजींनी एका पत्रावरचा 'विचार करावा' खोडला. त्यांच्या आयुष्यातला तो एक धाडसी क्षण होता.

टेलिफोनच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला, मग एक मोठे रजिस्टर पाहिले, मग नत्थुजींना पाहिले. "फोन तर श्रावणजींच्या नावावर आहे. त्यांना पाठवा."

श्रावणजी म्हणजे नत्थुजींचे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. बिल मात्र दर दोन महिन्यांनी त्यांच्याच नावाने येई आणि नत्थुजी श्रद्धेने भरत. वडिलांच्या नावाची तेवढीच एक गोष्ट अजून टपालाने येत होती, म्हणून नाव बदलण्याचे त्यांच्या मनात कधी आले नाही. पण रांगेतल्या लोकांसमोर हे बोलणे त्यांना अवघड वाटले. ते खाली पाहून म्हणाले, "ते आता येऊ शकत नाहीत."

"आजारी असतील तर डॉक्टरचा दाखला आणा."

"आजार नाही. बरेच दूर आहेत."

"मग तिथून अधिकारपत्र मागवा."

मागचा माणूस खाकरला. नत्थुजी 'बरं' म्हणून घरी आले आणि चपला काढताना त्यांना योग्य उत्तर आठवले. दुसऱ्या दिवशी ते मृत्यूचा दाखला घेऊन गेले. कारकुनाने एकदम आवाज खाली आणला आणि सांगितले, की मग सगळ्या वारसांचे ना-हरकत लागेल, स्टॅम्प पेपरवर.

वारस दोनच. एक नत्थुजी, दुसरी त्यांची थोरली बहीण मैनाबाई, अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारी. नत्थुजींना तिची लहानपणापासून धास्ती होती.

कोर्टाच्या आवारात एका कडुनिंबाखाली अर्जनवीस बसले होते. त्यांनी स्टॅम्प पेपर गुडघ्यावरच्या फळीवर ठेवला आणि "बहिणीची सही घ्यायची ना?" एवढेच विचारले. नत्थुजी हो म्हणाले. तीस वर्षे त्या माणसाने बहिणींच्या सहीचा एकच कागद लिहिला होता: बापाच्या वावरातला हिस्सा भावाला सोडून देण्याचा. 'ना-हरकत' हा शब्द कानावर पडेपर्यंत त्यांचा हात 'माझा वडिलोपार्जित हक्क मी स्वखुशीने कायमचा सोडून देत असून' इथपर्यंत पोहोचला होता.

"मिळकत?" त्यांनी विचारले.

"टेलिफोन."

अर्जनवीस थबकले, पण लिहिलेला स्टॅम्प पेपर वाया घालवणे हे त्यांच्या धर्मात नव्हते. "चतुःसीमा सांगा."

नत्थुजींना कळत होते, की टेलिफोनला चतुःसीमा नसतात. पण समोरचा माणूस कामात होता, मागे लोक ताटकळत होते, आणि कोणाची चूक तोंडावर दाखवणे त्यांना जन्मात जमले नव्हते. त्यांनी डोळे मिटून आपली बैठक आठवली आणि सांगितले, "पूर्वेस कपाट. पश्चिमेस खिडकी. दक्षिणेस... शिलाई मशीन. उत्तरेस भिंत."

"कोणाची भिंत?"

"आमचीच."

"तसं सांगा ना," अर्जनवीस म्हणाले आणि त्यांनी 'मालकाची' असे लिहिले.

अकोल्याला उतरून, मोर्णेचा पूल ओलांडून नत्थुजी बहिणीच्या दारात पोहोचले तेव्हा मैनाबाई अंगणात डाळ निवडत होती. वय शहात्तर. चौथीपर्यंत शाळा झाली होती, आणि त्या चार इयत्तांचा तिने कधी विसर पडू दिला नव्हता. तिने पाणी दिले, चष्मा लावला, आणि कागद बोटाखाली घेऊन अक्षर अक्षर वाचला. शेवटच्या ओळीनंतर चष्मा काढला.

"नत्थू, हे हक्कसोड हाय."

"बाई, ते फोनचं आहे. फोन माझ्या नावावर करायचा आहे."

"फोनले पूर्वेस कपाट कायले पायजे? मले येडी समजून राहिला का? वावर इकून राहिला तू."

"नाही गं बाई! त्यानं चुकून तसं लिहिलं."

"न तू काहून लिहू देलं?"

नत्थुजींनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. त्यांनी मग सगळी हकिकत सांगितली. त्रेचाळीस पत्रे, डबा, कारकून. ऐकताना मैनाबाईच्या हातातली डाळ थांबली होती.

"एवढा उपद्व्याप कायच्यासाठी?"

"गोपालशी बोलायला. सहा मिनिटांत काही बोलणंच होत नाही. तोही काही बोलत नाही. नुसता पाऊस विचारतो."

मैनाबाईने डाळीचे सूप बाजूला सारले. "बाप्पा बाप्पा! एवढे पुस्तकं वाचले तुनं, न हे नाई समजलं? कॅनडात बसून त्याले अमरावतीच्या पावसाचं काय लोनचं घालायचं हाय? थो वावराचं इचारते तुले. तीन वर्षं झाले, इचारून राहिला थो. न तू म्हनतं, आहे!"

नत्थुजींनी बोटांवर तीन वर्षांचे रविवार मोजायला घेतले.

"थो गेला नाई, नत्थू. तुनं धाडला. फारम कोनं भरले? तू भेला होता. भेला तं भेला, माय-बाप भेतेच. पन पोराले वाटून राहिलं असन का बापाले माह्यावर भरोसा नव्हता. सांगितलं का त्याले?"

"तेच सांगायचं आहे. म्हणून तर फोन..."

"आन इकडं." तिने कागद ओढला. "माही सही देते मी. कपाटाची न खिडकीची. पन पह्यलं बोलनं तेच करायचं. नाई तं मी लावीन फोन त्याले, न मले बोलाले सहा मिनिटबी नाई लागत."

कारकुनाने कागद वाचला, कपाट-खिडकीपाशी त्याचे ओठ हलले, पण सही होती, साक्षीदार होते, शिक्का होता. त्याने तो फाइलीत लावून टाकला. श्रावणजींच्या नावाचे शेवटचे बिल नत्थुजींनी भरले आणि त्याची पावती पाकिटात जपून ठेवली.

ब्रॉडबँड आले. आठ दिवसांचे काम अडीच महिन्यांत झाले, म्हणजे तोवर पावसाळा अर्धा सरला होता. शफीभाईंनी नागपूरहून डबा मागवला, गोपालने तिकडे तसाच घेतला आणि कपाट व खिडकी यांच्या मधल्या टेबलावर जुन्या फोनशेजारी नवा फोन बसला. डब्यावर तीन हिरवे दिवे लागले. शफीभाई म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. जुना फोन लाइट गेली तरी चालते. हा नाई चालत. लाइट गेली का डब्बा मेला."

त्या दिवसांत अमरावतीला दिवसातून कितीतरी तास लोडशेडिंग असे. नत्थुजींनी वेळापत्रक कापून कपाटावर चिकटवले. रविवारी सकाळी आठपर्यंत वीज होती. सातचा फोन म्हणजे पुरा एक तास.

पहिल्या रविवारी उद्घाटनाला शफीभाई आणि इंदूबाई येऊन बसले. नव्या फोनवर आवाज तिकडे पोहोचायला दोन-तीन सेकंद लागत. नत्थुजी 'गोपाल' म्हणत आणि काही ऐकू न आल्याने पुन्हा 'गोपाल' म्हणत. तेवढ्यात पहिल्या गोपालची ओ येई. दोघेही एकाच वेळी बोलू लागत आणि दोघेही सभ्यपणे थांबत.

"तू बोल."

"तुमी बोला, बाबा."

"नाही, तू बोल आधी."

"हां, तुमी काही म्हणून राहिले होते..."

बापलेकांचा स्वभाव एक. अकरा मिनिटे त्यांनी एकमेकांना बोलण्याचा आग्रह केला. शेवटी इंदूबाईंनी फोन ओढून गोपालला, नागपूरच्या दवाखान्याचा नंबर पायजे का, असे विचारले. लोकांदेखत नत्थुजींना पुढचे काही बोलवले नाही. शफीभाई जाताना म्हणाले, "मशीन एकदम ओके हाय," आणि यातला जो भाग ओके नव्हता त्याचे नाव घेतले नाही. तेच नत्थुजींना जास्त लागले.

आठवडाभर बसून त्यांनी चार पाने लिहिली. रविवारी दार आतून लावले, पाने खिशात ठेवली. सातला फोन वाजला. मनकर्णाबाईंनी उचलला.

आणि मनकर्णाबाई बोलू लागल्या. तीन वर्षे पाच मिनिटांत दाबून बसवलेले सगळे बाहेर आले. लोणच्याची फोड किती ठेवायची, इंदूबाईंच्या सुनेची नवी नोकरी, कोणाचे लग्न मोडले, कोणाचे जमले, गार पाण्याने डोके धुवायचे नाही. नत्थुजी स्टुलावर बसून घड्याळ पाहत होते. साडेसात झाले. पावणेआठ झाले. आठला दोन मिनिटे कमी असताना मनकर्णाबाईंनी फोन पुढे केला. "घ्या. आरामात बोला. फुकट हाय."

"बाबा, तब्येत?"

"बरी."

"पाऊस?"

नत्थुजींनी खिशाला हात लावला. चष्मा कपाटात राहिला होता. त्यांनी डोळे मिटले. वाचनालयात कोणाला दटावायचे असले, की ते असेच डोळे मिटत.

"गोपाल, आता मध्ये बोलू नको. तू बोल म्हणू नको. मी सगळं सांगतो, मग तू बोल." इतके बोलून त्यांना दम लागला. मग त्यांना वाटले, की प्रस्तावना थोडी हवी. दोन-तीन वाक्ये त्यांनी इंटरनेटच्या उपयुक्ततेवर खर्ची घातली. मग म्हणाले, "एक चूक झाली."

आणि मग ते आले. पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. "संधी-बिंधी काई नव्हती, बाबू. मी फाइल लावत होतो रोज. एका दिवशी चोवीस वर्षांच्या पोराचं नाव आलं. तुह्याएवढा. डिंक लावला, न हातच उचलेना. मले वाटलं, तुह्यं नाव मी कापून चिकटवीन का काय. म्हणून धाडलं तुले. तुह्यावर भरोसा नव्हता असं नाई. माह्यावर नव्हता. तू वावर करतो म्हणला, न म्या तुले एक वर्ष देलं नाई..."

ते बोलत राहिले. पलीकडे गोपाल सांगितल्याप्रमाणे मध्ये एक शब्द बोलत नव्हता. इतके शांतपणे आपले आजवर कोणी ऐकले नाही, असे त्यांना वाटले. शेवटी बोलणे संपले.

"गोपाल? ऐकून राहिला ना?"

काही नाही. दोन-तीन सेकंद, मग दहा, मग वीस. नत्थुजींनी डोळे उघडले. पंखा थांबला होता. डब्यावरचे तिन्ही दिवे गेले होते. या सबंध कारभारात वेळेवर झालेली एकच गोष्ट म्हणजे आठची लोडशेडिंग.

मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला होता. "लाइट केव्हाचीच गेली हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी बोलून राहिले होते... मंग मी काई म्हटलं नाई."

नत्थुजींनी मेलेला फोन जपून खाली ठेवला. हे पुन्हा कधी जमणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. पुढच्या रविवारी 'तब्येत', 'बरी', 'पाऊस', 'आहे'.

तेवढ्यात शेजारचा जुना फोन वाजला.

"बाबा, लाईन कटली," गोपाल म्हणाला. आवाज तिकडून सरळ आला, एका सेकंदाचाही उशीर नाही. "चार डाव लावला, लागलाच नाई. म्हणून याच्यावर लावला."

"कुठवर ऐकू आलं?"

"तुमी म्हणले, एक चूक झाली. न मंग काईच नाई." तो थांबला. "कोणाची चूक, बाबा?"

या फोनला दर होता. प्रस्तावनेला जागा नव्हती. सुटायला वाटा मात्र पुष्कळ होत्या. कारकुनाची म्हणता आली असती. अर्जनविसाची तर कागदावर होती, शिक्क्यासकट. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला खिडकी, मागे मनकर्णाबाईंची मशीन, समोर भिंत. त्या चतुःसीमेच्या मधोमध नत्थुजी उभे होते.

"माही," ते म्हणाले. "तुले एक वर्ष देलं नाई."

पलीकडे शांतता झाली. पूर्ण दराची, मिनिटामिनिटाला पैसे पडणारी. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी 'ठेवू?' म्हटले नाही. बऱ्याच वेळाने गोपालने नाक ओढल्याचा आवाज आला.

"पाऊस?" त्याने विचारले.

"आहे," नत्थुजी म्हणाले, आणि मग घाईघाईने पुढे म्हणाले, "पण वावरात कसा आहे ते मले माहीत नाई. मी दोन वर्षं गेलोच नाई तिकडं. उद्या जातो."

"खालच्या बांधापाशी पानी साचते, बाबा. कपाशी पिवळी पडली असन तं रामरावले सांगा, चर काढा म्हणा. तुमी स्वतः उभं राहा."

"थांब," नत्थुजी म्हणाले. "लिहून घेतो."

त्यांनी हात लांब करून त्रेचाळिसांच्या गठ्ठ्यातले वरचे पत्र ओढले, पालथे केले आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. मनकर्णाबाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिले, आणि मग त्या मुकाट्याने खिडकी उघडायला गेल्या, कारण पंख्याशिवाय फार उकडत होते आणि हे लवकर संपणारे दिसत नव्हते.